आकडा तारेवरचा आणि आकडा कागदावरचा

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे. देशात ऊर्जा कोण किती वापरतं, हे मोजतात कसं? पण थोडं थांबा, कारण या मोजणीतूनच तुमचं लाइट बिल ठरतं, आणि शेतकऱ्याच्या नावावर काय खपतं तेही.

घरापासून सुरुवात करू. समजा, तुमच्या घरी महिन्याला 150 युनिट वीज, एक गॅस सिलिंडर आणि स्कूटर-गाडीला मिळून 15 लिटर पेट्रोल लागतं. या तिघांची बेरीज कशी करायची? एक युनिटमध्ये, एक किलोत, एक लिटरमध्ये. मग सगळं एका मापात आणायचं. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 180 युनिटइतकी उष्णता असते. पेट्रोलच्या लिटरमध्ये साधारण 9 युनिट, म्हणजे 15 लिटरची झाली 135. एकूण 465. आपण "लाइट जपून वापरा" म्हणतो, पण वीज त्यातली तिसरा हिस्साच आहे बघा.

देशाच्या हिशेबातही हेच करतात. तिथं माप असतं 'टन तेल समतुल्य'. एक टन तेल म्हणजे 11,630 युनिट. कोळसा, तेल, गॅस, वीज सगळं या एका मापात आणून ताळेबंद मांडतात. केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय दरवर्षी 'एनर्जी स्टॅटिस्टिक्स इंडिया' नावाचा अहवाल काढतं, त्यात तो असतो.

या ताळेबंदाचे तीन मजले आहेत. वरच्या मजल्यावर खाणीतून किती निघालं, बाहेरून किती आणलं. मधल्या मजल्यावर रूपांतर: कोळशाची वीज झाली, कच्च्या तेलाचं डिझेल झालं. खालच्या मजल्यावर शेवटचा वापर: उद्योग, वाहतूक, घरं, शेती, दुकानं-कार्यालयं. मधला मजला वेगळा ठेवावाच लागतो. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज काढायला जवळपास तीन युनिट उष्णतेचा कोळसा जळतो. कोळसाही मोजला आणि त्याची वीजही मोजली, तर तेच दोनदा मोजल्यासारखं होतं.

इथपर्यंत सगळं छान. अडचण येते ती खालच्या मजल्यावर. खाणीतला कोळसा वजनकाट्यावर मोजला जातो. पण तो पुढे कुणी जाळला, हे कोण सांगणार?

डिझेलचं बघा. पंपावर डिझेल घेताना कुणी विचारतं का, ट्रॅक्टरला हवंय की ट्रकला? कॅनमध्ये नेलेलं डिझेल जनरेटरमध्ये जातं, विहिरीवरच्या इंजिनात जातं. कंपनीकडे फक्त विक्रीचा आकडा. म्हणून पेट्रोलियम मंत्रालयाच्या विश्लेषण कक्षाने देशभर पंपांवर पाहणी करून घेतली. 2014 मध्ये ती जाहीर झाली. तेव्हा कळलं, सुमारे 70 टक्के डिझेल वाहतुकीत जातं आणि 13 टक्के शेतीत. तोवर डिझेलच्या सबसिडीवर वाद सगळे घालत होते, पण बराचसा अंदाजानेच.

आता चुलीकडे या. रानातून आणलेल्या सरपणाची पावती नसते. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 58.6 टक्के कुटुंबं स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरत होती. म्हणजे उरलेली सुमारे 41 टक्के मुख्यतः लाकूड, गोवऱ्या, काटक्यांवर. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था आपल्या देशाच्या हिशेबात हे सरपण अंदाजाने धरते. फक्त कोळसा, तेल, गॅस आणि वीज धरली, तर घरांचा वाटा एकदम लहान दिसतो आणि उद्योगांचा फुगतो. आणि ज्या बाईने डोक्यावर मोळी आणली, तिचे श्रम आणि तिच्या छातीतला धूर, दोन्ही कागदावर शून्य.

आता मुख्य मुद्दा. वीज तरी मीटरने मोजतात ना? देशाच्या विजेचा सुमारे सहावा हिस्सा शेतीच्या नावावर आहे. आपल्या महाराष्ट्रात कृषिपंप आहेत 40 लाखांहून जास्त. त्यातल्या कितीतरी पंपांना वर्षानुवर्षं मीटरच नाही, बिल एचपीवर. आणि मीटर असला तरी तो चालू आहे, त्याचं रीडिंग कुणी घेतलंय, याची खात्री नाही. मग वापर काढायचा कसा? एचपी गुणिले वर्षाचे तास.

करून बघू. 5 एचपीची मोटर तासाला 3.73 युनिट धरा. वर्षाला 1,000 तास धरले तर 3,730 युनिट. 1,300 तास धरले तर 4,849. फरक हजारावर युनिटचा. याला 40 लाखांनी गुणा, साडेचारशे कोटी युनिटच्या आसपास जातं. विहिरीतून एक थेंबही जास्त उपसला गेला नाही, फक्त कागदावरचे तास बदलले!

मग हे जास्तीचे युनिट गेले कुठे? मराठीत 'आकडा' शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक तारेवर टाकतात, एक अहवालात लिहितात. तारेवरच्या आकड्याने गेलेली वीज, जुन्या तारांत मुरलेली वीज, हे सगळं कागदावरच्या आकड्यात शेतीच्या खात्यावर टाकता येतं. गळती कमी दिसते, शेतकरी उधळ्या दिसतो. हा आक्षेप जुना आहे. राज्य वीज नियामक आयोगाने यासाठी कार्यगट नेमला आणि 2020 च्या दर आदेशात शेतीचा वापर कमी करून गळती वाढवून धरली.

एप्रिल 2024 पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. पण मोफत म्हणजे बिल शासन भरतं. म्हणजे तो तासांचा अंदाज आता थेट तिजोरीला भिडतो. आणि शेतकऱ्याला स्वतः बिल भरायचं नसलं, की चुकीचा आकडा दिसला तरी भांडणार कोण?

उपाय फार अवघड नाही. प्रत्येक पंपाला मीटर बसेल तेव्हा बसेल. गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा, हे काम राज्यात बऱ्याच ठिकाणी झालंय. शेतीच्या फीडरवर सबस्टेशनमध्ये मीटर असतो. त्याचं रीडिंग आणि त्यावरच्या डीपींचं रीडिंग महिन्याच्या महिन्याला गावाच्या फलकावर लावा. रात्री दोनला उठून, बॅटरी घेऊन, सापाकिरड्यातून मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाला लाइट किती तास होती हे पाठ असतं. फलकावरचे तास खरे की खोटे, तो एका नजरेत सांगेल.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी म्हणालं की अमक्या क्षेत्राने इतकी ऊर्जा खाल्ली, तर एकच विचारा: हे मोजलंय, की धरलंय? तुमच्या गावातल्या फीडरचा अनुभव आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार!