कोनाड्यातला पेला



माझं बालपण भोर तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. आम्ही ख्रिस्ती, तरी आमच्या पडवीच्या कोनाड्यात कातकऱ्यांसाठी वेगळा पेला असे. माझ्या वर्गातला कातकरवाडीचा मुलगा त्यातून पाणी पिऊन तो स्वतःच विसळून ठेवी. एकदा शाळेत कंपासपेटी हरवली. दप्तर फक्त त्याचंच झडलं. पेटी माझ्या बाकाखाली सापडली. मी गप्प बसलो. तो पुन्हा शाळेत आला नाही.

खैराच्या झाडापासून कात काढणारे, म्हणून कातकरी. इंग्रज सरकारने १८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव केली आणि त्यांच्या धंद्यावर गदा आली. १८७१ च्या दुसऱ्या कायद्याने तर देशातल्या कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो १९५२ मध्ये रद्द झाला. पण माणसाला जातीवरून चोर समजण्याची खोड राहिली.

आजही भोर-वेल्ह्यातली कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलांची शाळा तुटते. आपलं दान त्या मुलांसाठी हवंच आहे. पण त्याआधी प्रत्येकाने आपल्या घरातला तो पेला शोधावा. मला माझा सापडायला फार वर्षं लागली.