अकाली मृत्यू आणि पोवाडा



पोवाडा म्हटला की फेटा बांधलेला, हाती डफ घेतलेला शाहीर आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो आणि अंगात वीरश्री संचारते. पोवाडा म्हणजे विजयाचे गाणे, असा आपला एक समज होऊन बसला आहे. तो अगदीच निराधार नाही. या शब्दाचा जुना अर्थच मुळी पराक्रम, थोरवी असा आहे, आणि १६५९ सालच्या अफझलखानवधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा, जो उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना समजतात, तो विजयाचाच आहे. पण त्याच्याच पाठोपाठ ज्याचे नाव घ्यावे लागते, तो तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा पाहा. १६७० साली गड तर मिळाला. परंतु घरचे लग्न बाजूला ठेवून निघालेला तानाजी परत आला नाही. म्हणजे अगदी आरंभापासून या डफावर विजयाची थाप आहे, तशी शोकाचीही आहे. आज मी या दुसऱ्या थापेविषयी चार शब्द बोलणार आहे.

पेशवाईतील चार मृत्यू आपण एका रांगेत मांडून पाहू. १७६१ च्या १४ जानेवारीला पानिपतावर विश्वासराव पडले; वय अठरा. १७७२ च्या १८ नोव्हेंबरला थेऊरास थोरले माधवराव क्षयाने गेले, वय सत्तावीस. १७७३ च्या ३० ऑगस्टला, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना ठार केले. वय पुन्हा अठराच. हे तिघे सख्खे भाऊ, नानासाहेब आणि गोपिकाबाई यांचे पुत्र. एका आईने बारा वर्षांत तीन तरुण मुलगे गमावले! आणि चौथा मृत्यू तिच्या नातवाचा, सवाई माधवरावांचा. १७९५ च्या ऑक्टोबरात ते शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली पडले आणि दोन दिवसांनी, २७ तारखेस, वारले, वय एकवीस. तो दिवस पाहायला गोपिकाबाई हयात नव्हत्या, एवढीच त्यातली दैवाची दया म्हणायची.

या चारही मृत्यूंवर शाहिरांनी पोवाडे केले. का केले? एक कारण उघड आहे. त्या काळी वर्तमानपत्र नव्हते. पुण्यातली वार्ता खेड्यात पोचायची ती जासुदाकडून, वाटसरूकडून, नाहीतर शाहिराच्या डफावरून. पण नुसती वार्ताच हवी असती तर ती एकदा ऐकून लोक उठले असते. एक बातमी कोणी वर्षानुवर्षे ऐकत नाही. दुःख मात्र ऐकतो.

शाहिराची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. तो मृत्यूकडे एकदम येत नाही. आधी नमन; मग वैभवाचे वर्णन; मग सरदारांची नावे, एकामागून एक. आपल्याला आज ती यादी कंटाळवाणी वाटते. पण समोर बसलेल्या श्रोत्याला त्यात आपल्या मुलखाचा सरदार, आपल्या आडनावाचा शिलेदार भेटत असे, आणि वाड्यावरचा मृत्यू त्याच्या स्वतःच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहत असे. मग अपशकुन, मग घात, मग स्त्रियांचा विलाप. झीलकऱ्यांनी सूर लांबवला की सभाही सुस्कारत असेल. १७९५ साल तर या दृष्टीने विलक्षणच. मार्चमध्ये खर्ड्याची लढाई जिंकली, तिचे पोवाडे झाले; आणि वर्ष संपण्याआधी त्याच पेशव्याच्या मृत्यूचे गाणे रचण्याची वेळ आली. ज्याच्या रंगपंचमीचे वर्णन प्रभाकराने इतक्या हौसेने केले, त्याच्यासाठीच शाहिरांना डफावर हात जड करावा लागला.

या मृत्यूंनी आपल्या बोलीतसुद्धा घर केले आहे. एखाद्याने शब्द मोडला की आपण हसत म्हणतो, 'विश्वास तर पानिपतातच गेला.' कागदात कोणी फेरफार केला की 'ध चा मा' केला म्हणतो. मुले खेळताना 'काका, मला वाचवा' म्हणून ओरडतात. या विनोदांच्या तळाशी अठरा वर्षांचे दोन तरुण आहेत, याचे भान कितीजणांना असते?

आता एक नाजूक गोष्ट. पोवाडा आणि इतिहास यांची गल्लत करू नये. हे पोवाडे छापले गेले फार उशिरा. ॲक्वर्थसाहेब आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते गोंधळ्यांकडून मिळवून १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. होय, मुंबईतल्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, तेच ॲक्वर्थ! पुढे १९२८ मध्ये य. न. केळकरांचा संग्रह आला. म्हणजे रचना आणि छपाई यांच्यामध्ये शंभर-सव्वाशे वर्षे नुसत्या कंठांनी हा ठेवा वाहिला. इतक्या प्रवासात काही गळले असेल, काही चिकटले असेल. तानाजी पडल्यावर कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण शिवाजीमहाराजांच्या १६६३ मधल्या पत्रातच सिंहगड हे नाव येते. सवाई माधवरावांनी जीव दिला की तापाच्या भरात तोल गेला, याबद्दल इतिहासकारांत दोन पक्ष आहेत. आणि 'ध चा मा' तर एका स्त्रीच्या माथी कायमचा मारला गेला. आनंदीबाईंवरचा तो आरोप सिद्ध झालेला नाही. परंतु लोकस्मृतीच्या न्यायासनापुढे अपील चालत नाही! शोकाला आरोपी लागतो, आणि तो सापडला नाही तर शोक तो घडवतो. शाहिराला मान देताना त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नये, असे म्हणतो ते यासाठीच. मृत्यू कसा झाला हे दप्तराला विचारावे. तो समाजाला किती लागला हे शाहिराला विचारावे.

आणि शेवटी, ज्यांच्यावर पोवाडा झाला नाही त्यांचे काय? शाहिराचे पोट बिदागीवर असे. बिदागी वाड्यातून मिळे. म्हणून नावे वाड्याची आली. पानिपतावर विश्वासरावांबरोबर त्यांच्याच वयाची हजारो पोरे पडली. कोणी नांगर सोडून गेला होता, कोणी नव्या नवरीला मागे ठेवून. त्यांच्यासाठी डफ वाजला नाही. पण मला वाटते, विश्वासरावांचा पोवाडा ऐकताना गावोगावच्या आयांनी डोळ्यांना पदर लावला, तो काही केवळ पेशव्याच्या मुलासाठी नव्हे. राजपुत्राच्या नावाखाली प्रत्येकीने आपल्या मुलाला रडून घेतले असेल. म्हणूनच राज्य गेले, वाडा जळाला, बिदागी देणारे हात गेले, तरी ती गाणी राहिली.

यापुढे असा पोवाडा कानी पडला, तर नायकाच्या नावाबरोबर त्या निनावी पोरांचीही आठवण ठेवावी, एवढीच विनंती करतो.