गाडी की आगगाडी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला जायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. मुलगा म्हणाला, "अब्बा, भाड्याची गाडी करू. दादीचे गुडघे स्टेशनचा जिना चढणार नाहीत." मला मात्र महालक्ष्मी एक्स्प्रेस हवी होती.

रविवारी बारवी धरणाकडे फिरायला गेलो, तर वाद तिथंही सोबत आला. मुलानं पाण्याकडे बोट दाखवलं. "ही बारवी पुढं उल्हासला मिळते. त्याच उल्हासच्या पुरात २७ जुलै २०१९ला तुमची महालक्ष्मी वांगणीजवळ अडकली होती!"

खरं होतं. मी निरुत्तर झालो.

अम्मी इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "हजारावर माणसं होती. बोटी आल्या, सगळी सुखरूप सुटली. रात्री घाटात आपली एकटी गाडी बंद पडली, तर कोण येईल? आणि जिन्याचं म्हणाल, तर दोघं दोन हात धरा."

आम्ही बापलेक वरमलो. तिच्या गुडघ्यांची चर्चा तिलाच न विचारता चालली होती.

शेवटी कोल्हापूरपर्यंत आगगाडी आणि पन्हाळ्यापुरती भाड्याची गाडी, असं ठरलं. कल्याणचा जिना आम्ही तिघांनी सावकाश चढला. आमची सहल तिथूनच सुरू झाली.