जोत्यावरचे छत

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



रायगडावर सहल गेली की राजवाड्याच्या जोत्यांपाशी एखादे मूल हमखास विचारते, ‘येथे काय होते?’ वाटाड्या हात उंचावून वाडा दाखवितो. मुलाला मात्र दगडच दिसतात. मे १८१८ मध्ये इंग्रजी तोफांच्या माऱ्याने गडावर आग लागली आणि लाकडी खांब, तुळया, छते भस्मसात झाली.

ते छत आज पुन्हा दाखविता येते. १९९४ साली पॉल मिलग्राम आणि फुमियो किशिनो यांनी ‘मिक्स्ड रिअॅलिटी’ची संकल्पना मांडली, आपण तिला मिश्र वास्तव म्हणू. चष्म्यातून खरा गड दिसत राहतो आणि त्यावर संगणकाने रचलेली वास्तू उभी राहते. चष्म्यातील कॅमेरे भोवतालच्या खुणा ओळखून तुमची जागा ठरवितात. म्हणूनच तुम्ही चाललात तरी खांब जागचा हलत नाही आणि खऱ्या भिंतीआड असलेला भाग झाकला जातो. ग्रीसमध्ये ऑलिंपिया येथे या शतकाच्या आरंभीच असे प्रयोग झाले. आपल्याकडेही विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या भारतीय डिजिटल वारसा प्रकल्पाने हंपीवर काम केले.

तंत्र हाताशी आहे. छत कोणते दाखवायचे, हा खरा प्रश्न आहे.

पुरावा अगदीच नाही असे नव्हे. जगदीश्वर मंदिराच्या शिलालेखात विहिरी, तलाव, बागा, रस्ते, स्तंभ, गजशाळा, राजगृहे यांचा उल्लेख आहे. १६७४ च्या राज्याभिषेकास उपस्थित असलेल्या हेन्री ऑक्झिंडनने सिंहासनाच्या उजवीकडे भाल्यांवर सोन्याची दोन मत्स्यशीर्षे, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि सोन्याचा तराजू पाहिला. दारातले दोन लहान हत्ती इतक्या अवघड वाटेने वर आणले कसे, याचे त्याला नवल वाटले. (गड चढलेल्यांना आजही वाटते!) सभासद बखर बत्तीस मणांचे सुवर्णसिंहासन सांगते. पण त्याच्या नक्षीचा आराखडा कोणी रेखून ठेवलेला नाही. छताचा उतार, खांबांची उंची, रंग, येथे आपण अंदाजच करतो.

आणि येथेच मोह होतो. चित्रपटातील भव्य महाल उचलून जोत्यावर बसविला की टाळ्या मिळतात. आपल्यापैकी कित्येकांना तेच आवडेल, मलाही क्षणभर आवडेल. परंतु डोळ्यांनी ‘पाहिलेले’ मूल जन्मभर खरे मानते, आणि उद्या एखाद्या अभ्यासकाने एक खांब खोटा ठरविला की शिलालेखातील खऱ्या गोष्टींवरही संशय येतो. महाराजांच्या राजधानीस अशा सजावटीची गरज नाही.

२००६ च्या लंडन सनदेने या कामासाठी तत्त्वे मांडली आहेत: पुरावा कोणता, अनुमान कोणते, हे पाहणाऱ्यास कळले पाहिजे. माझी सूचना साधी आहे. जे दगडात उरले ते ठसठशीत, जे लेखांत सापडते ते फिकट, आणि केवळ तर्काचे ते धूसर रेषांत दाखवावे.

बाजारपेठेचेच पाहा. घोड्यावर बसून खरेदी करता यावी म्हणून जोती उंच ठेवली, असे आपण लहानपणापासून ऐकतो. काही अभ्यासकांना तेथे दुकाने नव्हे, निवासस्थाने असावीत असे वाटते. त्या रांगेसमोर उभ्या राहिलेल्या मुलाला चष्म्यातून दोन्ही चित्रे दिसावीत, आधी एक, मग दुसरे. आणि शेवटी चष्मा काढून त्याने जोत्याची उंची स्वतः हाताने मोजावी.