मानधन आणि स्वामित्वधन



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते गुरुजी या शाळेत संगीत शिकवीत असत. म्हणून मराठीचा प्राध्यापक असूनही मी आज गाण्याच्या मोबदल्याचा विषय निवडला आहे. गाणे एकदा झाले, त्याचे पैसेही मिळाले. त्यानंतर वर्षानुवर्षे कलावंताला त्यातील वाटा मिळत राहावा काय, असा हा प्रश्न आहे. उदाहरण मात्र इंग्लंडातील घेतो, कारण तेथे दर डिसेंबरात जुनी गाणी पुन्हा कमावती होतात.

ब्रिटनमध्ये गाण्यांच्या खपाची क्रमवारी १९५२ पासून दर आठवड्याला जाहीर होते. नाताळच्या आठवड्यात पहिले स्थान कोणाला, याचे तेथे मोठे कुतूहल असते, पैजाही लागतात. २००५ ते २००८ अशी चार वर्षे हा मान ‘एक्स फॅक्टर’ या दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेच्या विजेत्यांनी मिळविला. २००९ मध्ये जॉन आणि ट्रेसी मॉर्टर या दांपत्याने फेसबुकवरून आवाहन केले की, यंदा सर्वांनी ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या अमेरिकन वाद्यवृंदाचे ‘किलिंग इन द नेम’ हे गाणे विकत घ्यावे. गाणे १९९२ सालचे, संतापाचे, नाताळशी काडीचाही संबंध नसलेले. तरी त्या आठवड्यात ते पाच लाखांहून अधिक वेळा विकले गेले आणि स्पर्धेचा विजेता जो मॅकएल्डरी सुमारे पन्नास हजारांनी मागे पडला. लोकांना वाटले, आपण बड्या कंपन्यांना नमविले. वस्तुतः दोन्ही गाणी सोनी या एकाच कंपनीच्या पोटातील होती. कोणीही जिंकले तरी तिजोरी तीच!

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जुन्या गाण्यावर आज पैसा निर्माण होतो, हा वादाचा मुद्दाच नाही. तो कोणाच्या हाती जातो, एवढाच प्रश्न उरतो. गवंडी घर बांधतो, मजुरी घेतो आणि निघून जातो. मग गायकाचेच एवढे काय, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मलाही तो बरीच वर्षे बिनतोड वाटत असे. परंतु घर एकाच्याच उपयोगी पडते. गाणे प्रत्येक ऐकणाऱ्याला नव्याने विकले जाते आणि विकणारा प्रत्येक वेळी पैसे घेतो. त्या व्यवहारातून ज्याच्यामुळे गाणे जन्मले त्यालाच तेवढे वगळावे, याला न्याय म्हणता येणार नाही.

आपल्याकडे हा वाद १९६० च्या दशकात दोन थोर कलावंतांत झाला. आपल्या इंदूरला जन्मलेल्या लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांना स्वामित्वधन मिळावे असा आग्रह धरला. ठरलेली रक्कम मिळाली की गायकाचा हक्क संपला, असे महंमद रफी यांचे मत होते. मतभेद इतका वाढला की काही वर्षे दोघे एकत्र गायलेच नाहीत. रफींच्या भूमिकेत निरिच्छपणाचे सौंदर्य आहे, हे मी नाकारीत नाही. तथापि एकाची निरिच्छा हा सर्वांसाठी नियम करता येत नाही.

येथे मराठीतील दोन शब्द उपयोगी पडतात. ‘मानधन’ देणारा आपल्या मर्जीने देतो आणि तेथे व्यवहार संपतो. ‘स्वामित्वधन’ घेणारा आपल्या हक्काने घेतो. या हक्कात लोभ आहे, असे अनेकांना वाटते. पण दान म्हणजे तरी काय? आपल्या धर्मशास्त्राने दानाची व्याख्या करताना आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे असे म्हटले आहे. जे आपले नाही त्याचे दान होत नाही. १९८४ च्या नाताळात जॉर्ज मायकेल यांचे ‘लास्ट ख्रिसमस’ हे गाणे दुसऱ्या स्थानावर राहिले. पहिले होते इथिओपियातील दुष्काळासाठी केलेले ‘बँड एड’चे गाणे. जॉर्ज मायकेल यांनी आपल्या गाण्याचे स्वामित्वधनही त्याच दुष्काळग्रस्तांसाठी दिले. ते देता आले, कारण शब्द आणि चाल त्यांची होती आणि कायद्याने ती त्यांची मानली होती. हे गाणे नाताळच्या आठवड्यात प्रथम क्रमांकावर आले ते २०२३ मध्ये. त्याचा कर्ता २०१६ च्या नाताळच्या दिवशीच निवर्तला होता.

मग हा हक्क किती काळ असावा? ब्रिटनमध्ये कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे, आपल्याकडे ६० वर्षे. मला हा काळ फार दीर्घ वाटतो. नातवंडांच्या मिळकतीपायी समाजाने आपला ठेवा इतका काळ अडवून ठेवू नये. परंतु मुदतीहून महत्त्वाचे आहे ते वाटप. ध्वनिमुद्रणाचा हक्क ब्रिटनने २०१३ मध्ये ५० वरून ७० वर्षांवर नेला. तेव्हा एकरकमी पैसे घेऊन वाजवून गेलेल्या वादकांसाठी त्या वाढीव काळातील विक्रीच्या उत्पन्नापैकी २० टक्के रक्कम राखून ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. मागच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याची आठवण कायद्याला झाली, ही मोठी गोष्ट होय. आपल्या कायद्यातही २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर गाण्याचा उपयोग झाल्यास त्यातील वाटा गीतकार व संगीतकार यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, असे ठरले; आणि व्यापारी उपयोग झाल्यास गायकालाही स्वामित्वधनाचा हक्क मिळाला.

शेवटी आपल्याच अंगणात येतो. या शाळेची सकाळची प्रार्थना ज्या चालीवर म्हटली जाते ती गुरुजींची आहे. तिचा एक पैसाही त्यांनी घेतला नाही, आणि कोणी देऊ केला असता तरी ते रागावले असते. ते त्यांचे दान होते. पण आपल्या प्रार्थनापुस्तिकेत शब्दांखाली कवीचे नाव आहे. चालीखाली कोणाचेच नाही. दान स्वीकारायचे आणि दात्याचे स्वत्व मात्र नोंदवायचे नाही, हे बरे नव्हे. पुढच्या आवृत्तीत तेथे एक ओळ छापावी, एवढी माझी संस्थेला विनंती आहे. त्यांना द्यावयाचे स्वामित्वधन तेवढेच उरले आहे.