नियम लिहिले जातात तेव्हा आपण कुठे असतो?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मग मांसाच्या सुरक्षिततेवर मी का बोलतोय? माझ्या मामूंचं मटणाचं दुकान आहे. शाळेच्या सुट्टीत मी तिथे गल्ल्यावर बसायचो. मध्यंतरी परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी त्यांच्या हातात नियमांची लांबलचक यादी पडली. मामू म्हणाले, "हे लिहितं कोण रे? मला तर कधी कुणी विचारलं नाही." उत्तर शोधताना मी अमेरिकेच्या यंत्रणेपर्यंत पोचलो, कारण तिथे नियम कसा बनला याचे कागद कुणालाही वाचता येतात.

तिथे शेती खात्याची 'अन्न सुरक्षा व तपासणी सेवा' मांस आणि कोंबडी तपासते. धोरण आखण्यासाठी तिचं वेगळं कार्यालय आहे. १९०६ चा मांस तपासणी कायदा आणि १९५७ चा कोंबडीविषयक कायदा हा त्याचा पाया. कायदा संसद करते. तो रोजच्या कामात कसा पाळायचा, हे मात्र हे खातं नियमांतून ठरवतं.

१९९३ साली तिथे अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय हा जंतू पसरला. ७०० हून जास्त लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. तोवर तपासनीस मांस डोळ्यांनी बघायचे, हाताने चाचपायचे, वास घ्यायचे. जंतू यातल्या कशालाच सापडत नाही. १९९४ मध्ये खात्याने जाहीर केलं, की खिम्यात हा जंतू सापडला तर तो माल भेसळयुक्त. उद्योगवाले कोर्टात गेले, पण खात्याचा निर्णय टिकला.

मग फेब्रुवारी १९९५ मध्ये नव्या नियमाचा मसुदा राजपत्रात आला. लोकांच्या हरकती आल्या आणि जुलै १९९६ मध्ये अंतिम नियम झाला. या पद्धतीला 'हॅसप' म्हणतात. धोका कुठे शिरतो ते आधी शोधायचं, तिथे तापमानाची किंवा वेळेची मर्यादा घालायची, रोज नोंद ठेवायची. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो : चूक जिथे होते तिथेच पकडायची, ग्राहकापर्यंत जाऊ द्यायची नाही.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. हा नियम मोठ्या कारखान्यांना जानेवारी १९९८ पासून लागू झाला, लहानांना १९९९ पासून, आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्यांना थेट २००० पासून. नियम सर्वांना एकच, पण तयारीची मुदत ऐपतीप्रमाणे.

सगळं गोड नाही. कोंबडीतल्या साल्मोनेलावर २०२४ मध्ये मोठा मसुदा आला. सात हजारांवर प्रतिक्रिया आल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये तो मागे घेतला गेला. म्हणजे मत मांडलं की ते मान्य होतंच असं नाही. ज्याच्याकडे वकील आणि वेळ आहे, तो जास्त बोलतो. पण जो लिहीतच नाही, त्याचं म्हणणं फाइलमध्येसुद्धा नसतं.

आता आपल्याकडे या. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली आपलं प्राधिकरणही मसुदे प्रसिद्ध करतं, हरकती-सूचना मागवतं. आपल्यापैकी किती जणांनी एक तरी वाचलाय? हात वर करा. मीही कालपरवापर्यंत वाचला नव्हता.

मांसाचा विषय निघाला की आपण भांडणाच्या तयारीने बसतो. त्याला कारणं आहेत, मी नाकारत नाही. पण दुकानातलं स्वच्छ पाणी, फ्रीज, सांडपाणी हा आधी आपल्याच पोराबाळांच्या पोटाचा प्रश्न आहे. मामूंच्या दुकानातलं मटण पहिल्यांदा आमच्याच घरी शिजतं.

म्हणून एवढंच करू या. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या दोघा-तिघांनी पुढचा मसुदा वाचायचा, दुकानदारांसोबत बसून तो मराठीत, हिंदीत समजावायचा आणि त्यांची अडचण मुदतीत लिहून पाठवायची. फक्त "आम्हाला जमत नाही" म्हणायचं नाही. "एवढा वेळ द्या, असा बदल करा, म्हणजे जमेल" असं लिहायचं.

पहिली चिठ्ठी मामूंची असेल. मजकूर ते सांगणार आहेत, टाइप मी करणार आहे.