पाटीवाल्याचं लेसर यंत्र

नावाच्या पाट्या करणारा लेसर यंत्र घ्यायला गेला की विक्रेता आधी वॅट सांगतो. आपण आधी आपला माल बघावा. रोजचं काम अ‍ॅक्रिलिक, लाकूड, एमडीएफ असेल तर कार्बन डायऑक्साइड लेसर घ्या. तो १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये घडवला कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, बरं का! स्टील-पितळेवर कोरायचं तर मात्र फायबर लेसर लागतो. स्वस्तातल्या डायोड लेसरचा निळा किरण पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून चक्क आरपार जातो, कापत काहीच नाही.

आता सनबोर्ड. तो बहुधा पीव्हीसीचा असतो. लेसरखाली घातला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. फुप्फुसांना घातक, आणि यंत्रही गंजवतो. तो कापायला फिरत्या पात्याचा राउटरच बरा.

कार्बन डायऑक्साइड लेसरची काचेची नळी थंड ठेवायला चिलर लागतो, धूर बाहेर काढायला पंखा लागतो. हा खर्च किमतीत धरा. आणि जाताना आपलीच शीट न्या, समोर कोरून दाखवा म्हणा. कास्ट अ‍ॅक्रिलिकवर अक्षर दुधी पांढरं उमटतं, एक्स्ट्रुडेडवर ते फिकं राहतं.